परतीची गाडी

वाशीममधले माझे पहिले तीन आठवडे मला दुपारच्या झोपेत पडलेल्या स्वप्नासारखे आठवतात. सुरुवात कुठे झाली ते आठवत नाही. मधेच कुणीतरी चहा आणून देतंय, खिडकीबाहेर बोरीचं झाड हलतंय, आणि मी एका अशा गावासाठी प्रोग्राम लिहितेय, ज्या गावातली मराठी मला निम्मीच कळते. घरमालकीणबाई जिन्यातून ओरडायच्या, "काय करून राह्यली व?" आणि मी दचकून "काही नाही" म्हणायचे. खरं तर मी कामच करत असायचे. पण दोन वाजता गाव झोपायचं, दुकानांची शटरं अर्ध्यावर यायची, पंख्याचा आवाज तेवढा राहायचा. अशा वेळी आपण जागे आहोत याची खात्री वाटायची नाही.

आले कशी, तेही सांगते. पुण्यातल्या कंपनीनं एका सकाळी आमच्यासारख्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. त्यानंतर आठ महिने मी साताऱ्यात आईच्या घरी होते. येणारा-जाणारा विचारायचा, "मग, काय चाललंय सध्या?" या प्रश्नानं माझं डोकं असं फिरायचं की आई पाहुण्यांना दारातच गाठून सांगायची, तिला काही विचारू नका. मग वाशीमच्या या नोकरीचा फोन आला. पाच माणसांची कंपनी, दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवणारी. मालक सरळ बोलले. तीन महिने बघू. एका दवाखान्याला नंबर लावायचा प्रोग्राम हवाय. त्यांनी तो ठेवून घेतला तर तुमची नोकरी पक्की. नाही ठेवला तर... पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं. पुढचं मला ठाऊक होतं. पुन्हा साताऱ्याची गाडी, पुन्हा तो प्रश्न.

दवाखाना बसस्टँडच्या जवळ होता. डॉक्टर हुशार, घाईचे, एका वाक्यात तीन कामं सांगणारे. पण दवाखाना चालवायचे ते चाचा. तीस वर्षांपासूनचे कंपाउंडर. शर्टाच्या खिशात दोन पेन, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. डॉक्टरांच्या दाराशी एका स्टुलावर बसून ते हाक मारायचे, "शिरपूरवाले काका, या!" "मंगरूळची सूनबाई, चला लवकर!" नंबर नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. लोक ओट्यावर, बाकांवर, लिंबाखाली बसलेले. चाचांनी ज्याला हाक मारली तो आत.

दोन दिवस मी कोपऱ्यात बसून नुसतं पाहिलं. शेजारच्या गल्लीतले एक आजोबा आठ वाजता आले, ते दीड वाजताही तिथंच. आणि साडेदहाला आलेली एक बाई पावणेबाराला आत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हा तर सरळ वशिला आहे. आठ महिन्यांत मी वशिल्यानं मिळालेल्या इतक्या नोकऱ्या पाहिल्या होत्या की मला दुसरं काही सुचलंच नाही. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "चाचा बलावतीन. त्यायले समजते." मला वाटलं, बिचारे घाबरून बोलताहेत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत प्रोग्रामची बोलणी झाली. चाचा दारातच उभे होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सर, साधा नियम ठेवू. जो आधी येईल तो आधी आत. म्हणजे वशिला बंद."

डॉक्टरांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मला तेव्हा वाटलं, पकडला. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

दीड महिन्यात प्रोग्राम तयार झाला. दारात एक मशीन ठेवलं, बोट लावलं की नंबराची चिठ्ठी बाहेर. भिंतीवर स्क्रीन, आणि एक रेकॉर्ड केलेला बाईचा गोड आवाज. पहिल्या सोमवारी सकाळी सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. गल्लीतल्या लोकांनी आठ वाजताच चिठ्ठ्या काढल्या आणि हसत-खेळत आत-बाहेर झाले. आठवाले आजोबा सव्वानऊला मोकळे होऊन घरी गेले. जाताना मात्र ते मशीनकडे जरा संशयानंच बघत होते. चाचा स्टुलावर बसून होते, हातात वही, पण हाक मारायचं काम नाही. मी त्यांच्यासाठीही चहा सांगितला. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं!

तीन वाजले. ऑक्टोबरचं ऊन ओट्यावर पिवळं पसरलेलं, माशा घोंगावताहेत, तो गोड आवाज म्हणतोय "क्रमांक एकतीस", आणि मला पुन्हा ती गुंगी आलेली. तेवढ्यात लक्षात आलं की बाकांवर आता सगळी खेड्यातलीच माणसं उरली आहेत. कुणी तक्रार करत नव्हतं. सगळे स्क्रीनकडे तोंड करून बसले होते. एक पन्नाशीची बाई मात्र सारखी उठून फाटकापर्यंत जायची, स्टँडकडे बघायची आणि परत यायची. शेवटी ती माझ्याकडे आली. चिठ्ठी पुढे केली.

"बाई, माहा नंबर कवा लागन व?"

"सत्तेचाळीस आहे तुमचा. आता एकतीस चालू आहे."

"मंग चार दहाची गाडी जाते माही."

"मग त्याच्या पुढची घ्या ना."

ती हसली. चिडून नाही, लहान मुलाला हसावं तशी. "पुढची उद्या हाय, बाई."

मी चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले, "केनवडची शेवटली गाडी हाय ते, मॅडम. चार दहाची. हे सारे सकाळच्या गाडीनं येतेत, पावणेदहाले उतरतेत. तवरोक तुमच्या तीस चिठ्ठ्या निंघून जातेत."

तरी माझं तोंड चाललंच, "चाचा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पुसलं नाई."

एवढंच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. वशिला हा शब्द त्यांनी माझ्या तोंडावर परत फेकला असता तर मला बरं वाटलं असतं.

चार दहाला गाडी गेली. तिचा हॉर्न ओट्यापर्यंत ऐकू आला आणि बाकांवरची चौदा माणसं एकदम सैल पडली. कुणी गावातल्या नातेवाइकाला फोन लावला, चौघांनी मिळून जीप ठरवली. डॉक्टर गडबड ऐकून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि सर्वांच्या देखत मला म्हणाले, "मॅडम, महिनाअखेरपर्यंत हे मशीन इथं आहे. मग चाचा सांगतील, ठेवायचं की न्यायचं. त्यांचा शब्द शेवटचा."

म्हणजे माझी नोकरी त्या माणसाच्या हातात गेली, ज्याला मी डॉक्टरांसमोर वशिलेबाज म्हटलं होतं. वा! याहून नीट मी स्वतःचा खड्डा खणला नसता.

सत्तेचाळीस नंबरच्या बाईंना पाच वाजता आत बोलावलं. ब्लडप्रेशरची गोळी बदलून मिळाली. बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "माह्या म्हशीले दुसऱ्याचा हात चालत नाई व. लाथ मारते थे. आता काय करन माय माही!" घरी त्या आणि ती म्हैस. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "चला, मी सोडते तुम्हाला." कशानं सोडणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं.

चाचांनी सांगितलं, "शिरपूरवरोक काळीपिवळी भेटते. फुडं कोनी ना कोनी भेटनच." मग खिशातून एक चॉकलेट काढून माझ्या हातावर ठेवलं. "उलटी होईन गाडीत. तोंडात ठेवा."

त्या जीपमध्ये आम्ही बारा जण होतो. माझा एक पाय कुणाच्या तरी गाठोड्यावर. उघड्या मागच्या बाजूनं रस्ता मागे पळत होता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं सोयाबीन, आणि खाली आलेल्या उन्हात ते सगळं रान पेटवलेल्या समईच्या रंगाचं. शिरपूरला देवळाचं शिखर लांबूनच दिसलं आणि बाईंनी चालत्या जीपमधूनच हात जोडले. तिथून रिकाम्या क्रेट नेणारा एक टेम्पो मिळाला. आम्ही मागे क्रेटवर बसलो. वाऱ्यानं डोळे मिटायला लागले. मला वाटलं, हे माझं आयुष्य नाहीच. कुणाचं तरी चुकून मला मिळालंय आणि मी ते परत करायला विसरलेय. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कसलीच घाई नव्हती. बाई मात्र पुढे वाकून बसल्या होत्या, टेम्पोला जोर लावावा तशा.

घर गावाच्या टोकाला. गल्लीच्या तोंडाशीच म्हशीचं ओरडणं ऐकू आलं. शेजारणीनं प्रयत्न केला होता, तिच्या लुगड्यावर खुराचा ठसा होता. "घे व तुही महाराणी!" ती म्हणाली. बाईंनी पिशवी माझ्या हातात कोंबली, बादली उचलली, आणि म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून बसल्या. "आली न माय मी. आली न. गाडी गेली मंग काय करू?" असं तिची समजूत काढत राहिल्या. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा मी उंबऱ्यावर बसून सरळ रडले. लाज वाटली म्हणून रडले, दुसरं कारण नाही. त्या जनावरानं दोन तास वाट पाहिली होती, ती माझ्या साध्या नियमामुळे.

रात्री ज्वारीची भाकर, ठेचा, आणि मोठा पेलाभर दूध. बाईंनी मशीनबद्दल एक शब्द काढला नाही. अंगणात बाज टाकून देताना विचारलं, "तुही माय कुठी असते?"

"साताऱ्याला. लांब आहे."

"मंग तुही गाडी कवाची?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." त्यांनी मान हलवली आणि गोधडी आणायला आत गेल्या.

सकाळी त्यांनीच उठवलं. दूध काढून, डेअरीला घालून, आंघोळ करून त्या मला सोडायला फाट्यावर आल्या. गाडी आली तीच भरून. दर फाट्याला थांबायची. कुणी पोतं चढवतंय, कुणी म्हातारीला वर ओढून घेतंय, कंडक्टर ओरडतोय, "सरका बाप्पा, सरका, आत लय जागा हाय!" जागा कुठेच नव्हती. माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं. त्याला विचारलं, तर तो आमच्याच दवाखान्यात निघालेला. पहाटे पाचला उठलो म्हणाला. आम्ही पावणेदहाला उतरलो. मी त्या लोकांबरोबर दवाखान्यात शिरले, रांगेत उभी राहिले आणि मशीनला बोट लावलं. माझ्या मशीननं मला त्रेचाळीस नंबर दिला.

ती चिठ्ठी घेऊन मी चाचांकडे गेले. "चाचा, चुकलं माझं. मी वशिला म्हणाले तुम्हाला. तोंडाला येईल ते बोलते मी. माफ करा."

"बसा, मॅडम. चाय घ्या," ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

पानापानांवर गावांची नावं होती. प्रत्येक गावासमोर गाडीची वेळ. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, केनवड. जे गावातलेच, त्यांच्यासमोर फक्त एक शब्द, "इथलेच". ज्याची गाडी आधी, तो आधी आत. इथलेच सगळ्यात शेवटी.

"इथल्याचं काय हाय," चाचा म्हणाले, "घरी जाऊन जेवून येते, झोप काढून येते. गाडीवाल्याले तसं होते का? त्याची गाडी गेली का त्याचा दिवसच गेला न." आठ वाजता आलेल्या आजोबांना हे पाठ होतं. ते लवकर यायचे ते गप्पा मारायला. समजत नव्हतं ते फक्त मला, दोन दिवस कोपऱ्यात बसून.

पुढचे चार दिवस मी प्रोग्राम उसवला आणि पुन्हा शिवला. चिठ्ठी निघण्याआधी आता एक प्रश्न यायचा, परतीची गाडी? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं मी मुद्दाम केलं. खाली सगळ्या गाड्यांची यादी, आणि यादीच्या तळाशी "इथलेच". वेळा चाचांनी सांगितल्या. बाजाराच्या दिवशी कुठली गाडी उशिरा सुटते, शाळेच्या सुट्टीत कुठली बंद असते, सगळं त्यांच्या डोक्यात. मी त्यांना स्टुलावरून उठवून मशीनपाशी खुर्ची दिली. ते एका बोटानं बटण दाबायचे, दर वेळी आधी बोट शर्टाला पुसून. तो गोड आवाज मी काढून टाकला. हाक चाचाच मारायचे.

केनवडची गाडी पुन्हा कुणाची चुकली नाही. सत्तेचाळीस नंबरच्या बाई एकदा आल्या, तीनलाच मोकळ्या झाल्या आणि मला खरवस देऊन गेल्या. शेजारणीची म्हैस व्यायली होती. पण चाचा मशीनबद्दल काही बोलेनात. डॉक्टर जाता-येता विचारायचे, "काय मग, चाचा? ठेवायचं?"

"पाहू," चाचा म्हणायचे.

पाहू म्हणजे काय, अरे देवा! माझा जीव टांगणीला, आणि हे आपले चष्मा पुसताहेत. मी त्यांना विचारू शकत नव्हते. कुठल्या तोंडानं विचारणार? रागही येत होता. म्हटलं, माफी मागितली, प्रोग्राम बदलला, आता काय नाक घासू? आणि दुपारी खोलीवर आले की तो राग विरून जायचा. बोरीच्या झाडाची सावली फरशीवर हलत असायची. खालून घरमालकीणबाई विचारायच्या, "जेवली का व, पोरी?" तेव्हा कळायचं की मला इथून जायचं नाही. नोकरीसाठी तर नाहीच, पण नुसतं सुद्धा नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. ती रोज फोनवर विचारायची, "तिकीट काढून ठेवू का?" मी म्हणायचे, थांब.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी तापानं फणफणले. आदल्या संध्याकाळी बॅग भरून ठेवली होती, कारण वाट पाहत बसण्यापेक्षा भरलेली बॅग बरी. सकाळी अंग मोडून आलं, डोळ्यांसमोरचं सगळं लांब गेलं. ऑटोत बसून दवाखान्यात गेले तेव्हा रस्त्यावरची माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती. ओट्यावर नेहमीचीच गर्दी. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा चाचांनी चष्म्यावरून पाहिलं, हात पुढे करून माझ्या कपाळाला लावला आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली.

त्यांनी माझं वय विचारलं, ताप कधीपासून ते विचारलं. मग स्क्रीनवर तो प्रश्न आला. परतीची गाडी?

मी आपली आठवायला लागले. पुण्याची गाडी दुपारी चारची. पुढे साताऱ्याला... यादीत ती नव्हतीच. मी तोंड उघडलं, पण चाचा मला विचारत नव्हते. त्यांनी बोट शर्टाला पुसलं, यादी सरकवत तळाशी नेली आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. चिठ्ठी बाहेर आली. नंबर एकोणसाठ. खाली छापलेलं, "इथलेच".

मी चिठ्ठीकडे बघतच राहिले. डॉक्टर तेवढ्यात दारात आले. "चाचा, आज शेवटचा दिवस आहे बरं. मशीनचं काय?"

"मशीनले काय झालं?" चाचा म्हणाले. "चालू हाय न."

डॉक्टर हसून आत गेले. माझे डोळे भरून आले. तापानं आले असतील, म्हणा. मी म्हटलं, "चाचा, मला खूप ताप आहे हो. जरा लवकर घ्या ना आत."

"एक गोळी देतो, थे घे आन् बाकावर पड," ते म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. "वशिला नाई चालत, बेटा. इथल्यायचा नंबर शेवटी लागते."

मी लिंबाखालच्या बाकावर आडवी झाले. आईचा फोन आला, तिकीट काढू का? म्हटलं, नको. अर्धवट झोपेत चाचांच्या हाका ऐकू येत होत्या, मानोरावाले, रिसोडवाले, केनवडवाल्या मावशी. एकेक जण आत जाऊन येत होता आणि पिशव्या सावरत स्टँडकडे पळत होता. चार दहाचा हॉर्न वाजला तेव्हा मी कूस बदलली. पावणेपाचला चाचांनी मला हाक मारली. तोवर सगळ्या गाड्या गेल्या होत्या.